बर्फावरची वाट

आर. के. पुरममध्ये राहणारा एखादा प्रवासी सकाळी मेट्रोने हौज खासला येतो, तेथे गाडी बदलतो आणि पिवळ्या मार्गिकेवरून राजीव चौकाकडे निघतो. या मार्गिकेवर धावणारे अनेक डबे बॉम्बार्डियर नावाच्या कॅनेडियन कंपनीने तयार केलेले आहेत. त्यासाठी तिने गुजरातमध्ये सावली येथे कारखानाही उभारला होता. २०२१ साली या कंपनीचा रेल्वे-विभाग आल्स्टॉम या फ्रेंच कंपनीने विकत घेतला. बॉम्बार्डियर हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि त्या माणसाने आयुष्यात कधी रेल्वेचा डबा बनवला नव्हता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्याने बनवली ती बर्फावर चालणारी गाडी. त्याचे नाव जोझेफ-आर्मां बोंबार्दिए. आडनावाचा हा उच्चार फ्रेंच पद्धतीचा आहे. इंग्रजी पद्धतीने उच्चारताना त्याचेच बॉम्बार्डियर झाले.

कॅनडा देशाच्या पूर्वेस क्वेबेक हा फ्रेंच भाषकांचा प्रांत आहे. तेथील हिवाळा आपल्याकडच्या हिवाळ्यासारखा नसतो. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत जमिनीवर बर्फाचा थर साचून राहतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तेथील खेडेगावांचे रस्ते बर्फ हटवून मोकळे करण्याची व्यवस्था नव्हती. हिवाळा लागला की मोटारींचे मालक आपल्या गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवीत आणि वसंत ऋतूची वाट पाहत. टपाल, डॉक्टर, धर्मगुरू, किराणा असे सारे काही घोडे ओढीत असलेल्या घसरगाडीतून येई. तेही वादळ नसेल तर. सह्याद्रीच्या डोंगरातील एखादी वाडी पावसाळ्यात ओढ्याला पूर आला म्हणजे जशी तुटते आणि आजारी माणसाला डोलीत घालून न्यावे लागते, तशीच ती गावे वर्षातून चार-पाच महिने तुटलेली असत.

अशाच व्हालकूर नावाच्या गावी १६ एप्रिल १९०७ रोजी आर्मां यांचा जन्म झाला. आठ भावंडांत ते थोरले. वडील आल्फ्रेड यांनी आधी शेती केली आणि पुढे किराणा-भुसाराचे दुकान चालवले. मुलाला शाळेपेक्षा यंत्रांची ओढ अधिक होती. जुन्या घड्याळांतील चाके आणि कमानी काढून तो चालती खेळणी बनवी: छोटे इंजिन, छोटा ट्रॅक्टर. वस्तू उघडून पाहण्याची ही सवय घरच्यांच्या दृष्टीने काहीशी खर्चिकच होती. वडिलांची इच्छा मुलाने धर्मगुरू व्हावे अशी होती. त्या काळच्या कॅथलिक कुटुंबात थोरल्या मुलाविषयी अशी अपेक्षा असणे स्वाभाविकच. त्याप्रमाणे चौदाव्या वर्षी आर्मां यांना शेरब्रूक या शहरातील धर्मविद्यालयात पाठवण्यात आले.

पण सुट्टीत घरी आले की हात पुन्हा यंत्रांकडे वळत. घरच्या चांगल्या मोटारीला मुलाने हात लावू नये म्हणून वडिलांनी त्यांना फोर्ड कंपनीची एक मोडकी मोटार देऊन टाकली. पंधरा वर्षांच्या आर्मां यांनी तिचे इंजिन दुरुस्त केले. १९२२ सालच्या शेवटच्या दिवशी गावकऱ्यांनी एक अद्भुत दृश्य पाहिले. एकामागे एक जोडलेल्या दोन घसरगाड्या, मागच्या गाडीवर मोटारीचे इंजिन आणि त्या इंजिनाला जोडलेला हाताने कोरलेला विमानासारखा लाकडी पंखा! धाकटा भाऊ लेओपोल्ड पुढे बसून दिशा सांभाळीत होता, तर आर्मां मागे इंजिनाजवळ होते. ते धूड प्रचंड आवाज करीत गावाच्या रस्त्यावरून घोड्यांशिवाय चालत गेले. मागे उघडा फिरणारा तो पंखा एखाद्याचा हात सहज तोडू शकला असता. वडिलांनी मुलाचे कौतुक करण्याऐवजी गाडी ताबडतोब मोडून टाकण्याची आज्ञा केली, आणि ती योग्यच होती. गाडी मोडली, परंतु बर्फावरून इंजिनाच्या बळावर जाता येते, ही गोष्ट मुलाच्या मनात पक्की झाली.

धर्मविद्यालयातील शिक्षण फार काळ चालले नाही. सतराव्या वर्षी आर्मां यांनी वडिलांची परवानगी मिळवली आणि ते यंत्रकाम शिकण्यासाठी प्रथम शेजारच्या गावातील एका गॅरेजमध्ये व नंतर माँट्रियाल शहरात उमेदवारी करू लागले. दिवसा गॅरेजमध्ये काम आणि संध्याकाळी वर्ग, असा त्यांचा क्रम होता. टपालाद्वारे चालणारे यंत्रविद्येचे व विद्युतविद्येचे अभ्यासक्रमही त्यांनी पूर्ण केले. त्या काळी तंत्रविषयक बहुतेक नियतकालिके इंग्रजीत असत. आर्मां यांची मातृभाषा फ्रेंच. त्यामुळे वाचता यावे म्हणून त्यांनी इंग्रजीचाही अभ्यास केला. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती. काम करता करता, टपालाने आणि रात्रीच्या वर्गात मिळवलेले ज्ञान हेच त्यांचे भांडवल होते.

१९२६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, व्हालकूर येथे त्यांनी स्वतःचे गॅरेज उघडले. त्यासाठी वडिलांनी पैसे उसने दिले होते. ते त्यांनी तीन वर्षांत फेडले. मोटारी, शेतीची यंत्रे, पंप असे जे येईल ते दुरुस्त करणारा कुशल कारागीर म्हणून परिसरात त्यांचे नाव झाले. १९२९ साली इव्हॉन लाब्रेक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उन्हाळ्यात गॅरेजमध्ये उसंत नसे. हिवाळ्यात मात्र मोटारी ठोकळ्यांवर चढत आणि गॅरेज रिकामे पडे. हा रिकामा वेळ हीच त्यांची प्रयोगशाळा ठरली.

त्यांच्यापुढे अडचण कोणती होती, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण पुढची तीस-बत्तीस वर्षे ते याच एका अडचणीशी झगडत राहिले. चिखलात बैलगाडी रुतते तेव्हा तिचे सारे ओझे चाकांच्या अरुंद धावांवर आलेले असते. त्याच चिखलावर फळी टाकली तर माणूस तिच्यावरून चालत जातो, कारण वजन मोठ्या जागेवर पसरते. ताजा भुसभुशीत बर्फ तर चिखलापेक्षाही फसवा असतो. त्यावर पाऊल ठेवले की माणूस मांडीपर्यंत आत जातो. पायांना लांब लाकडी पट्ट्या म्हणजे स्की बांधल्या तर तोच माणूस वर राहतो. तेव्हा बर्फावर चालणाऱ्या गाडीला तीन गोष्टी हव्या असतात: वजन कमी हवे, ते मोठ्या जागेवर पसरलेले हवे, आणि गाडीला पुढे रेटणारे साधन सैल बर्फात पकड घेऊ शकणारे हवे. या तिन्ही गोष्टी एकमेकींशी भांडतात. पकड हवी म्हणून मोठे इंजिन बसवावे तर वजन वाढते. वजन कमी करावे तर इंजिन दुबळे पडते. पट्टा लांब करावा तर तो फिरवण्यासाठी पुन्हा अधिक बळ लागते.

त्या काळी इतरही काही जण मोटारीची मागची चाके काढून तेथे पट्टे आणि पुढच्या चाकांच्या जागी स्की बसवीत असत. आर्मां यांनीही तशा गाड्या करून पाहिल्या. घट्ट रस्त्यावर त्या चालत. सैल बर्फात त्यांचा पुढचा भाग इंजिनाच्या ओझ्याने खाली दबे. त्यांनी इंजिन मागे नेले. मग मागचा भाग रुतू लागला. त्यांनी लोखंडी सांगाड्याऐवजी लाकडी सांगाडा केला. एक-दोन माणसांपुरती हलकी गाडी करून पाहिली, परंतु तिला शोभेल असे हलके आणि भरवशाचे इंजिन त्या काळी मिळत नव्हते. दरवर्षी हिवाळ्यात नवी गाडी उभी राहत असे, उन्हाळ्यात ती मोडून तिचे भाग पुढच्या गाडीला लावले जात. अशी आठ-नऊ वर्षे गेली. गावातील लोकांना हा उद्योग एका हुशार कारागिराचा छंद वाटत असल्यास नवल नाही.

१९३४ सालच्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ आजारी पडला. आंत्रपुच्छाचा दाह पोटात पसरला होता. शस्त्रक्रिया तातडीने होणे आवश्यक होते आणि रुग्णालय होते शेरब्रूकला, चाळीस-पन्नास किलोमीटर दूर. रस्ते बर्फाखाली गेले होते. मोटार निघू शकत नव्हती. बर्फावर चालू शकेल अशी परिसरातील एकमेव गाडी गॅरेजमध्ये सुट्या भागांच्या रूपात पडलेली होती. मुलाचा मृत्यू झाला.

या घटनेविषयी अधिक लिहिणे उचित नाही. एवढेच सांगता येईल की आर्मां यांचे काम त्यानंतर थांबले नाही, आणि दीड-एक वर्षाच्या आत त्यांना तो भाग सापडला जो त्यांना इतकी वर्षे चकवीत होता.

तो भाग म्हणजे एक दातेरी चाक आणि त्यावरून फिरणारा पट्टा. सायकलच्या साखळीचे चक्र आपण पाहिलेले असते: चक्राचे दाते साखळीच्या घरांत अडकतात आणि साखळी ओढली जाते. आर्मां यांच्या योजनेतही इंजिनाची शक्ती एका दातेरी चाकाकडे येई आणि ते चाक आपल्या दात्यांनी पट्टा ओढी. फरक सामग्रीत होता. लोखंडी चाक आणि लोखंडी पट्टा यांच्यामध्ये बर्फ दाबला जाऊन गोठतो, त्याचा गोळा बनतो आणि पट्टा चाकावरून निसटतो किंवा तुटतो. आर्मां यांनी दातेरी चाकाला रबराचे आवरण दिले. पट्टाही अखंड लोखंडी न करता दोन रबरी पट्ट्या समांतर ठेवून त्यांना आडव्या पोलादी पट्ट्यांनी जोडले. रबर वाकते, ताणले जाते, आणि त्यामुळे त्यावर बसलेला बर्फ टिकत नाही. गाडीचे वजन घटले, आवाज कमी झाला, धक्के कमी झाले. पट्टा बर्फाच्या उंचसखलपणाप्रमाणे स्वतःला वाकवून घेऊ लागला. इंजिनाची ताकद एक अश्वशक्तीनेही न वाढवता गाडीची चाल सुधारली होती. हा शोध १९३५ सालचा. १९३७ साली त्याचे पेटंट त्यांना मिळाले.

या योजनेवर आधारलेली पहिली विक्रीयोग्य गाडी ब-७ या अर्थाच्या नावाने बाजारात आली: आडनावाचे पहिले अक्षर आणि प्रवाशांची संख्या. सात माणसे बसतील अशी लाकडी, बंदिस्त गाडी. मागे इंजिन आणि पट्टे, पुढे स्की. तिची किंमत हजार डॉलरहून थोडी अधिक होती. ती कोणी विकत घेतली हे पाहिले म्हणजे ती कशासाठी हवी होती ते कळते. ग्राहकांत डॉक्टर होते, धर्मगुरू होते, टपालाचे ठेकेदार होते, खेडोपाडी माल पोहोचवणारे व्यापारी होते.

गाडी विकली म्हणून आर्मां यांनी तिला पूर्ण मानले नाही. जे चाक ठीक चालते आहे त्याच्याकडेही ते संशयाने पाहत. आऱ्यांच्या चाकांत बर्फ अडकून साचतो असे दिसले, तेव्हा त्यांनी आरे नसलेली भरीव तबकडीसारखी चाके बसवली. चौकोनी डब्याच्या कोपऱ्यांवर वारा अडतो म्हणून पुढच्या गाडीचा आकार गोलसर केला. ही पुढची गाडी बारा प्रवाशांची होती. चाळिसाव्या दशकाच्या आरंभी तयार झालेल्या या गाडीला जहाजासारख्या गोल खिडक्या होत्या, आणि आजही त्या काळच्या छायाचित्रांत ती चटकन ओळखू येते. शाळेची मुले नेण्यासाठी तिचाच एक मोठा प्रकार निघाला. रुग्णांसाठीही या गाड्या वापरल्या जाऊ लागल्या. १९४२ साली आर्मां यांनी आपल्या व्यवसायाचे कंपनीत रूपांतर केले. त्यांचे भाऊही तिच्यात काम करीत होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाजगी गाड्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. कारखान्याचा मोठा वेळ सैन्यासाठी बर्फगाड्या करण्यात गेला. युद्ध संपले, निर्बंध उठले, मागणी वाढली. आणि नेमक्या त्याच वेळी धंद्यावर कुऱ्हाड कोसळली. १९४८ च्या सुमारास क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ हटवण्याचे काम हाती घेतले. खेड्यांच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट होती. ज्या कारणासाठी आर्मां यांनी आपली गाडी बनवली ते कारणच आता नाहीसे होऊ लागले होते. रस्ता मोकळा असेल तर साधी मोटारही हिवाळ्यात रुग्णालयात पोहोचते. बर्फगाडी हवी कशाला? कंपनीची विक्री एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर आली.

कारखाना बंद करण्याची वेळ येऊ नये म्हणून आर्मां यांनी बर्फाऐवजी चिखलाकडे मोर्चा वळवला. शेतातील ट्रॅक्टर ओल्या रानात रुतू नये म्हणून त्याच्या मागच्या चाकांवर बसवता येईल असा पट्टा त्यांनी तयार केला. काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतर ट्रॅक्टर घालणाऱ्या शेतकऱ्याला या पट्ट्याचा उपयोग वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. त्यानंतर १९५३ साली त्यांनी दलदलीत चालणारा पट्ट्यांचा ट्रॅक्टर काढला. कॅनडाच्या उत्तरेत मैलोन्‌मैल पसरलेल्या पाणथळ भूमीला तेथे मस्केग म्हणतात. तेच नाव या ट्रॅक्टरला मिळाले. जंगलातील लाकूड काढणारे, खनिज तेलाचा शोध घेणारे, विजेच्या तारा टाकणारे अशा अनेकांनी तो विकत घेतला. कंपनी तगली ती या यंत्रामुळे. आर्मां यांना स्वतःला आपल्या सर्व यंत्रांत हे यंत्र अधिक भरवशाचे वाटत असावे. कारण ज्याची कामासाठी गरज आहे असे यंत्र विकणे त्यांना समजत होते.

तरीही तरुणपणी अर्धवट राहिलेली एका माणसाची हलकी गाडी त्यांच्या मनातून गेली नव्हती. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस दोन गोष्टी जुळून आल्या. लहान, हवेने थंड होणारी, हलकी आणि भरवशाची इंजिने बाजारात मिळू लागली. आणि त्यांचा थोरला मुलगा जेर्मँ याने जोड नसलेला, अखंड, रुंद रबरी पट्टा तयार करण्यात यश मिळवले. पूर्वीच्या गाडीत दोन बाजूंना दोन पट्टे असत. आता संपूर्ण गाडीखाली एकच रुंद पट्टा फिरू लागला. ओझे पसरले, भाग कमी झाले, वजन उतरले. मोटारसायकलप्रमाणे वर बसायचे, पुढे दोन स्की, हातात दांडा. पहिल्या गाड्यांचे इंजिन सुमारे ७ अश्वशक्तीचे होते. आजच्या साध्या स्कूटरचे असते जवळपास तेवढेच! १९२२ साली पंख्याच्या घसरगाडीवर त्यांनी चढवलेले फोर्डचे इंजिन याच्या जवळजवळ तिप्पट ताकदीचे होते. सदतीस वर्षांत ते कमी ताकदीकडे आले होते, आणि तरी गाडी कितीतरी पटींनी चांगली चालत होती.

१९५९ च्या वसंतात आर्मां आपली नवी गाडी घेऊन ऑन्टारिओ प्रांताच्या दूर उत्तरेस लॅन्सडाऊन हाऊस या वस्तीत गेले. तेथे त्यांचे परिचित धर्मगुरू मोरिस उइमे आदिवासींमध्ये काम करीत होते. कुत्र्यांच्या गाडीने होणारा प्रवास या गाडीने कसा होतो ते पाहावे, हा हेतू होता. कुत्र्यांची जागा घेणारी म्हणून तिला स्की-डॉग असे नाव द्यायचे ठरले होते. छापताना किंवा रंगवताना एक अक्षर बदलले आणि स्की-डू असे नाव झाले, असे सांगतात. आर्मां यांनी चूक दुरुस्त केली नाही. त्या वर्षी २२५ गाड्या विकल्या गेल्या. पाच वर्षांच्या आत एका हंगामाची विक्री आठ हजारांवर गेली.

ही गाडी घेणाऱ्यांत शिकारी, सर्वेक्षक, वनरक्षक असतील, अशी आर्मां यांची कल्पना होती. प्रत्यक्षात शहरातील लोकांनी ती मौजेसाठी घेतली, शर्यती लावल्या. या यशाचे त्यांना समाधान होते तसे काहीसे दडपणही होते. हौस ही दोन हंगामांत विरून जाऊ शकते. म्हणून मस्केग ट्रॅक्टरचे काम मागे पडू नये याकडे ते लक्ष देत राहिले. उत्तरेकडील इन्युइट लोकांच्या जीवनात तर या गाडीने मोठाच बदल घडवला. दिवसभराची वाट दोन-तीन तासांत सरू लागली. त्याचबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली कुत्र्यांची पथके काही वर्षांतच ओस पडली, आणि ज्याला मासे घालून पोसता येत होते त्याच्या जागी पेट्रोल आणि सुटे भाग विकत घ्यावे लागणारे वाहन आले. कुत्रे घरचा रस्ता स्वतः शोधत. बंद पडलेले इंजिन शोधत नाही. आर्मां यांच्या कामाचे मोल सांगताना ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

आर्मां यांची गाडी सखल प्रदेशासाठी जन्मली होती. तिची वंशज असलेली यंत्रे पुढे उंच पर्वतांवर गेली, आणि तेथे वजन, बळ व पकड यांचे जुने भांडण नव्या रूपाने उभे राहिले. आपल्याकडे गुलमर्गला, सुमारे २,६५० मीटर उंचीवर, पर्यटकांना अशा गाड्या दिसतात; सियाचीनसारख्या अतिउंच सीमेवर भारतीय सैन्यही त्या वापरते. उंचावर हवा विरळ होते. ३,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने घटते, आणि इंजिनाची शक्तीही साधारण त्याच प्रमाणात उतरते. जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्ये हवा कमी आली तरी पेट्रोल पूर्वीइतकेच येत राहते. मिश्रण गच्च होते, प्लग काळा पडतो, इंजिन गुदमरते. म्हणून पर्वतावर जाणारा यंत्रज्ञ कार्ब्युरेटरचा मुख्य जेट काढून त्याहून बारीक छिद्राचा जेट बसवतो. तो तसाच ठेवून गाडी पुन्हा खाली दरीत आणली तर उलटा धोका असतो: दाट हवेत पेट्रोल अपुरे पडते, इंजिन अतोनात तापते आणि पिस्टन जळतो. नवशिक्या माणसाकडून ही चूक हमखास होते.

इंजिनाचे बळ पट्ट्याकडे नेणाऱ्या क्लचमध्येही बदल करावा लागतो. या गाड्यांचा क्लच पट्ट्याच्या कप्पीचा असतो. त्यातील वजने वेगाबरोबर बाहेर फेकली जातात आणि कप्पीच्या दोन बाजू जवळ ढकलतात. दुबळ्या झालेल्या इंजिनावर जुन्या जड वजनांचा भार पडला तर ते आपल्या योग्य फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून वजने हलकी करावी लागतात. खोल बर्फासाठी पट्टा अधिक लांब घेतात आणि त्यावरील रबरी खवले अडीच-तीन इंच उंच ठेवतात. नव्या गाड्यांत यांपैकी पेट्रोलचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपोआप करते. तरीही अनुभवी माणूस प्रथम इंजिनाला हात घालत नाही. तो गाडीवरचे अनावश्यक ओझे उतरवतो, पट्ट्याचा ताण तपासतो, क्लच पाहतो. व्हालकूरच्या गॅरेजमध्ये तिशीच्या दशकात कामाचा जो क्रम शोधला गेला, तोच हा क्रम होय.

आर्मां यांना आपले यंत्र पर्वतांवर इतके उंच गेलेले पाहता आले नाही. कर्करोगाने त्यांना गाठले आणि १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तेव्हा भर हिवाळा होता आणि स्की-डूची मागणी वाढतच होती. त्यांच्या नावावर चाळीसहून अधिक पेटंट होती. प्रथम जेर्मँ यांनी आणि नंतर जावई लोरां बोदुआं यांनी कंपनीची धुरा घेतली. ज्या ऑस्ट्रियन कारखान्याकडून स्की-डूसाठी इंजिने घेतली जात होती तो कारखानाच पुढे कंपनीने विकत घेतला. १९७४ साली माँट्रियालच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांचे काम मिळाले आणि रबरी पट्ट्यांचा कारखाना रुळांवर आला. त्यानंतर विमाने आली. बर्फगाड्यांचा विभाग मात्र २००३ साली मूळ कंपनीपासून वेगळा झाला, तरी त्या गाड्या आजही व्हालकूरलाच तयार होतात.

त्या गावात आता त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाने वडिलांकडून पैसे उसने घेऊन उघडलेले ते १९२६ चे लहानसे लाकडी गॅरेजही तेथे जपून ठेवलेले आहे. कामाचे टेबल, हत्यारे, भिंतीला टांगलेले पट्टे आणि चाके पाहत लोक तेथून फिरत असतात.